बाजाराच्या थांब्याआधीची आरोळी

कल्पना करा, तुम्ही एका भरलेल्या बसमध्ये उभे आहात. प्रवासी म्हणून नाही, कंडक्टर म्हणून. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हातात वरची दांडी, गळ्यात चामड्याची पिशवी आणि तिच्यात दिवसभराचा गल्ला. वळणावर गाडी कलते तेव्हा सगळ्या गर्दीचं वजन एकदम तुमच्या पाठीवर येतं. त्या गर्दीत कुणाचा तरी एक हात असा असतो, जो दांडी धरायला वर गेलेला नसतो. तो कुठे आहे, हे तुम्हाला शोधायचं आहे. सुटे परत द्यायचे, घंटी मारायची, दारात लोंबकळणाऱ्याला आत ओढायचं, स्वतःची पिशवी सांभाळायची आणि हे सगळं करता करता तो एक हात शोधायचा. कसा शोधाल?

सांभाळाताईंना हा प्रश्न रोज डेपोच्या फाटकातून आत शिरताना पडायचा आणि ड्यूटी संपवून बाहेर पडताना तसाच शिल्लक असायचा.

त्यांचं खरं नाव वर्दीवरच्या बिल्ल्यावर होतं, पण ते वाचायला गर्दीत सवड कुणाला? सगळी गाडी त्यांना सांभाळाताईच म्हणायची, ते त्यांच्या आरोळीमुळे. मोठा बाजार यायच्या आधी एक वळण लागतं. तिथे रस्ता अरुंद होतो, गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते, आणि पुढे थांब्यावर माणसांचा लोंढा आत घुसतो. त्या वळणावर ताई छातीभर श्वास घेऊन ओरडायच्या, "बॅगा पुढे घ्याऽऽ, खिसे सांभाळाऽऽ!"

ही आरोळी कुठल्या नियमात नव्हती, ती ताईंची स्वतःची. नोकरी नवी असताना एका म्हातारीची कापडी पिशवी त्यांच्या डोळ्यांदेखत कापली गेली होती. डोळ्यांदेखत म्हणजे अगदी शेजारी उभ्या राहून त्या तिकीट देत होत्या. उतरताना म्हातारीने पिशवीत हात घातला, तर तो तळातून पलीकडे निघाला. ती रडली नाही, ओरडली नाही. तो बाहेर आलेला हात नुसता बघत राहिली, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. ताईंना त्या दिवशी घास गिळवला नाही. दुसऱ्या दिवसापासून आरोळी सुरू झाली.

लोकांना आधी हसू आलं, मग सवय झाली, मग ती नसली तर चुकल्यासारखं वाटू लागलं. मागच्या बाकावर एक प्लंबर बसायचा, अवजारांची पिशवी मांडीवर घेऊन. तो ताईंची नक्कल इतकी हुबेहूब करायचा की ड्रायव्हर आरशातून विचारायचा, "आता कोण ओरडलं? असली की नकली?" या ड्रायव्हरला सगळे भोंगा म्हणत. रिकाम्या रस्त्यावरही त्याचा अंगठा हॉर्नवरून निघत नसे.

"नकली आहे, पण आवाज जास्त दमदार," प्लंबर म्हणायचा.

"मग उद्यापासून तूच ये माझ्या जागी. उभं राहून राहून पाय सुजले की कळेल," ताई म्हणायच्या. वरवर फणकारा, पण आतून सुखावलेल्या असायच्या. आपल्या गाडीत माणसं सावध असतात, हे त्यांचं भूषण होतं.

घरी त्यांचे यजमान शिंपी. रस्त्यालगतच्या खोलीत पुढे मशीन आणि मागे संसार, मध्ये एक पडदा. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून घरात दोघंच. त्यांनी ताईंच्या वर्दीच्या कोटाला आतून, डाव्या बरगडीशी, अस्तराच्या शिवणीत एक चोरखिसा शिवून दिला होता. त्याला छोटं बटण. बाहेरून पाहिलं तर सुरकुतीसुद्धा दिसायची नाही.

"या खिशाचा पत्ता दोघांनाच ठाऊक," ते म्हणाले होते. "तिसऱ्याला कळला तर हे मशीन भंगारात घालीन."

त्या खिशात ताई घराची किल्ली ठेवायच्या. पिशवीत ओळखपत्र, ओळखपत्रावर पत्ता. पत्ता आणि किल्ली एकाच चोराच्या हाती लागू नये, एवढं धोरण त्यांना होतं. गर्दीत उभं राहायचं तर अंग चोरूनच राहावं लागतं. आरोळी देतानासुद्धा त्यांचं डावं कोपर बरगडीला चिकटलेलं असायचं.

असं सगळं सुरळीत चालू असताना त्यांच्या गाडीत चोऱ्या वाढल्या.

एकदा एका कारकुनाचं पाकीट, एकदा एका परिचारिकेची पर्स, मग एका पाहुण्याचा फोन. आरडाओरडा व्हायचा तो बाजारापुढचा पूल ओलांडल्यावर. तोवर बाजाराच्या थांब्यावरचे अर्धे लोक उतरून, अर्धे चढून, सगळा पत्त्यांचा डाव पिसल्यासारखा झालेला असायचा. कुणाला धरणार?

डेपोच्या साहेबांनी बोलावलं. एरवी ते माणसाला उभ्या उभ्याच वाटेला लावायचे. त्या दिवशी "बसा" म्हणाले, तशा ताई खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

"पाकीटमारी सगळ्याच गाड्यांत आहे. पण तक्रारी तुमच्याच गाडीच्या जास्त का, ताई?"

"साहेब, मी तर उलट ओरडून ओरडून—"

"तेच म्हणतोय. एक तक्रारदार काय म्हणतो माहितीय? म्हणतो, बाईची आरोळी हाच इशारा आहे. ती ओरडते आणि मागे काम होतं."

"माझी आरोळी? इशारा?"

"मी म्हणत नाही, तो म्हणतो. पण उद्या वरून विचारणा झाली, तर मी काय सांगू?"

बाहेर आल्यावर त्यांनी भोंग्याला सांगितलं. तो म्हणाला, "चोर सोडून संन्याशाला फाशी! मनावर घेऊ नका." मग चहाचा कप विसळता विसळता, त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "पण ताई, होतं मात्र आपल्याच गाडीत. तेही तुम्ही ओरडलात की मगच."

त्या दिवशी वळणावर ताईंनी आरोळी दिली आणि रोज बघायच्या ते बघितलं नाही. रोज त्यांची नजर बॅगांवर असायची. त्या दिवशी त्यांनी चेहरे बघितले.

आरोळी झाली तशी सगळ्यांच्या माना खाली गेल्या. जो तो आपलं सामान चाचपू लागला. एकच मान वर होती. खिडकीशी बसलेला, इस्त्रीच्या शर्टातला, चाळिशीचा चष्मा लावलेला माणूस. ताई त्याला चांगल्या ओळखत होत्या. मनातल्या मनात त्यांनी त्याचं नाव मास्तर ठेवलं होतं. तो नेहमी शेवटच्या थांब्याचं तिकीट काढायचा, बरोबर सुटे द्यायचा, तिकिटाची लांबट, काडीसारखी घडी घालून बोटांत धरायचा आणि "धन्यवाद, ताई" म्हणायचा. आख्ख्या मार्गावर धन्यवाद म्हणणारा तो एकटाच. ताईंना त्याचं कौतुक होतं.

मास्तर लोकांचे हात बघत होता. वर्गात हात वर केलेली मुलं मोजावीत, तसा शांतपणे. ताईंनी त्याच्या नजरेमागोमाग नजर नेली. एकाचा तळवा मागच्या खिशावर बसला होता. एका बाईने पर्स स्वेटरच्या आत ओढून घेतली होती. एक म्हातारा पोटाशी काहीतरी दाबून धरत होता. गाडीतला एकेक हात आपापल्या ठेव्यावर जाऊन बसला होता, आणि मास्तर ते हात वाचत होता.

पुढच्या प्रवाशाला ताईंनी दोनदा सुटे दिले.

संध्याकाळी त्या घरी आल्या आणि चपलाही न काढता मशीनपाशी उभ्या राहिल्या.

"अहो, गिऱ्हाईक पैसे कुठल्या खिशात ठेवतं, ते तुम्हाला कळतं?"

"न कळायला काय झालं?" यजमानांच्या ओठांत टाचण्या होत्या. त्या एकेक काढत ते म्हणाले, "माप घेताना नुसतं विचारायचं, खिसा कुठे हवा? तोंड उघडायच्या आत हात तिथे गेलेला असतो. तोंड खोटं बोलेल, हात नाही बोलायचा. हात म्हणजे पहिल्या नंबरचा चुगलखोर. का गं?"

"आणि कुणी ओरडलं, खिसे सांभाळा, तर?"

यजमानांचा पाय मशीनच्या पायट्यावर होता, तो तिथेच थांबला. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि शेवटची टाचणी ओठांतून काढली.

"पोलिसात जा," ते म्हणाले.

"जाऊन काय सांगू? एक माणूस लोकांच्या हातांकडे बघतो? बघण्याचा गुन्हा कुठे लिहून घेतात?"

"मग धर त्याला. गाडीत एवढी माणसं असतात."

ताईंना डेपोतली हरवलेल्या वस्तूंची खिडकी आठवली. तिथे बसतो तो माणूस पूर्वी कंडक्टर होता. त्याने एकदा भर गर्दीत एका पाकीटमाराचं मनगट धरलं होतं. पाकीटमाराच्या दोन बोटांत अर्धं ब्लेड होतं. गाडीत एवढी माणसं होती. ती सगळी ओरडली आणि मागे सरली. आता तो खिडकीत बसतो आणि डावा गाल भिंतीकडे ठेवून बोलतो.

"मग ओरडू नकोस," यजमान म्हणाले.

"आणि तो विचार करेल, ही आजच गप्प का? ओरडले तर त्याला वाट दाखवते, गप्प बसले तर त्याला कळतं की मला कळलंय. इकडे आड, तिकडे विहीर."

पुढचे काही दिवस ताईंनी आरोळी दिली, पण ती घशातूनच. "बॅगा पुढे" म्हणताना आवाज चिरकायचा. प्लंबर म्हणाला, "ताई, खडीसाखर देऊ का?" सगळे हसले. मास्तरही हसला, सभ्यपणे, तोंडावर हात धरून. त्याचा तो हात ताईंनी पाहिला. नखं स्वच्छ कापलेली, बोटं लांब. करंगळीशेजारच्या बोटाचं नख मात्र थोडं वाढवलेलं.

आता त्यांना दिवसातून दोनदा ते वळण नको व्हायचं. वळण लागायच्या आधीच मशीनची चुकीची बटणं दाबली जायची. झोपेतही गाडी त्याच वळणावर कलायची.

मग वॉचमनदादांचा दिवस आला.

वॉचमनदादा म्हणजे पाण्याच्या टाकीपाशी राहणारा, एका उंच इमारतीच्या दारावर बसणारा भला माणूस. गप्पांत इतका रंगायचा की स्वतःचा थांबा विसरायचा. त्या सकाळी तो धुतलेलं जॅकेट घालून, केस चापून बसवून चढला.

"ताई, आज सुट्टी टाकलीय! लेकीचं कानाचं यंत्र मिळणार. कधीचा नंबर लावला होता इस्पितळात, काल निरोप आला."

"अरे वा! पोरीला आता सगळं ऐकू येणार म्हणा."

"येणार म्हणजे? डॉक्टर म्हणाले, आधी दचकेल, रडेल, मग हळूहळू बोलायलासुद्धा लागेल. एवढंसं असतं हो," त्याने अंगठ्याचं पेर दाखवलं. "पण एकदाच देतात. हरवलं तर पुन्हा रांगेच्या शेपटाला जा, असं बजावून सांगितलंय. तोवर पोरगी केवढी होईल! म्हणून मी ठरवलंय, संध्याकाळी तुमच्याच गाडीने परत यायचं. दुसऱ्या गाडीचा काय भरवसा? तुमच्यासारखं ओरडतं कोण?"

ताईंना काहीतरी बोलायचं होतं, पण त्याच्या मागच्याच बाकावर वर्तमानपत्र उघडलेलं होतं. त्या वर्तमानपत्राचं पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

"बसा, दादा," एवढंच त्या म्हणाल्या. इस्पितळाचा थांबा आला आणि वॉचमनदादा घाईघाईने उतरून गेला. वर्तमानपत्राची घडी झाली. काचेतून मास्तर त्याच्या पाठमोऱ्या जॅकेटकडे बघत होता, शिंपी बघतो तसा.

तो सगळा दिवस ताई मनातल्या मनात एकच घोकत होत्या. त्याला उशीर होऊ दे. रांग मोठी असू दे. त्याची ही गाडी चुकू दे.

गाडी चुकली नाही. संध्याकाळी इस्पितळाच्या थांब्यावर वॉचमनदादा सगळ्यात आधी चढला. तिकीट घेताना ताईंच्या कानाशी वाकून तो कुजबुजला, "मिळालं!" त्याची कुजबुज अर्ध्या गाडीने ऐकली. बसायला जागा नव्हती. तो मधल्या खांबाला धरून उभा राहिला.

मास्तर आधीपासून गाडीत होता. त्याने उठून आपली जागा एका वाकलेल्या आजोबांना दिली. आजोबांनी त्याला तोंडभरून आशीर्वाद दिला. मास्तर दोन माणसांमधून सरकला आणि खांबापाशी, वॉचमनदादाच्या मागे येऊन उभा राहिला.

वळण आलं.

ताईंनी ठरवलं होतं, आज तोंड उघडायचं नाही. त्याला कळलं तर कळू दे. त्यांनी दांडी धरली आणि दात आवळले. गाडी कलली, मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. लोक त्यांच्याकडे बघू लागले.

"काय ताई, आज बॅटरी उतरली का?" मागून प्लंबर ओरडला. कुणीतरी खिदळलं. "थांबा, मी ढकलस्टार्ट करतो!" आणि त्याने हुबेहूब ताईंचा आवाज काढला, "बॅगा पुढे घ्याऽऽ—"

"खिसे सांभाळाऽऽ!" अख्खी गाडी एका सुरात ओरडली. शाळेची मुलं, आजोबा, सगळे. वॉचमनदादाही ओरडला. ओरडता ओरडता, हसता हसता, त्याचा तळवा जॅकेटच्या आत डाव्या छातीशी गेला आणि त्याने तिथे थोपटलं, निजलेल्या पोराला थोपटावं तसं.

मास्तरने ते पाहिलं. मग त्याने मान वर केली आणि पहिल्यांदाच सरळ ताईंकडे पाहिलं. सगळ्या गाडीत एकटं त्यांचंच तोंड बंद होतं.

दार उघडलं, बाजाराचा लोंढा आत घुसला, आणि खांबापाशी माणसांची अशी दाटी झाली की वॉचमनदादाचे फक्त चापून बसवलेले केस दिसत राहिले.

पुढे जे झालं ते ताईंनी ठरवून केलं नाही. त्यांचा आवाज त्यांच्याआधी बाहेर पडला.

"तपासणी! पुढच्या थांब्यावर तपासनीस चढणार आहेत. तिकिटं हातात घ्या! हात वर, सगळ्यांनी हात वर!"

एकच गोंधळ उडाला. ज्याला त्याला आपलं तिकीट कुठे आहे ते आठवेना. हात या खिशातून त्या खिशात, पर्समध्ये, मोज्यात, दातांच्या फटीत. "अगं, माझं तुझ्याकडे दिलं होतं ना?" "मी गिळलं!" "आजोबा, तुमच्या कानावर आहे." आणि मग एकेक हात वर येऊ लागला. गर्दीच्या वर तिकिटांचं शेत डोलायला लागलं. मास्तरचाही हात वर आला. दोन बोटांत ती काडीसारखी घडी.

एकच हात वर होता. दुसरा कुठे होता?

ताई कोपरांनी वाट काढत गर्दीत घुसल्या. "सरका, सरका." त्या मास्तर आणि वॉचमनदादा यांच्यामध्ये पाचर मारावी तशा शिरल्या. तोंड वॉचमनदादाकडे, पाठ मास्तरकडे. "दादा, तुमचं तिकीट बघू."

"आत्ता तुम्हीच तर दिलंत!"

"बघू म्हणते ना!"

तिकीट त्यांनी डोळ्यांसमोर धरलं. त्यावर काय छापलंय ते त्यांना दिसत नव्हतं. मानेवर मास्तरचा श्वास लागत होता. त्याच्या अंगाला साबणाचा वास होता. पाठीला डोळे फुटतात म्हणतात. त्यांना वाटलं, आपल्याला पाठीशिवाय दुसरा अवयवच उरलेला नाही. आता लागेल. आता काहीतरी गार लागेल. पुलाच्या सांध्यावर गाडी उसळली, सगळं वजन त्यांच्यावर आलं, आणि त्यांनी डोळे मिटले.

काही झालं नाही. पूल गेला. पाण्याची टाकी दिसली.

"उतरा, दादा."

"अहो ताई, तपासनीस—"

"उतरा! लेक वाट बघतेय!"

वॉचमनदादा उतरला आणि शहाण्याने फुटपाथवरूनच जॅकेटच्या आतून ती डबी काढून, हात उंच करून ताईंना दाखवली. ताईंना हसावं की रडावं, कळेना. डबी होती. शाबूत होती.

मास्तरही उतरायला दाराशी आला. त्याचं तिकीट शेवटच्या थांब्याचं असायचं, तरी तो इथेच उतरत होता. पायरीवर तो क्षणभर थांबला.

"आज तुम्ही ओरडला नाहीत, ताई," तो हळू आवाजात म्हणाला. नेहमीसारखाच सभ्य. "धन्यवाद."

गाडी निघाली. भोंगा आरशातून म्हणाला, "कुठाय तपासनीस? मी तर शर्टाची बटणंसुद्धा लावली!"

"रद्द झाली तपासणी," ताई म्हणाल्या आणि पायरीवरच बसल्या.

घरी पोचल्या तेव्हा दाराला कुलूप होतं. यजमान कपडे पोचवायला गेले असावेत. ताईंनी सवयीने कोटात हात घातला, आणि बोटं खिशाशी जाऊन थबकली. बटण उघडं होतं.

किल्ली होती. तिच्याभोवती एक कागद गुंडाळलेला होता. त्यांनी तो उलगडला. लांबट घडीच्या रेषा पडलेलं तिकीट, शेवटच्या थांब्याचं, त्यांच्याच मशीनमधून निघालेलं.

त्या ओरडल्या नाहीत. कोटातून बाहेर आलेल्या आपल्या हाताकडे नुसत्या बघत राहिल्या. फार वर्षांपूर्वी एका म्हातारीने असंच बघितलं होतं.

यजमान आले, तेव्हा त्या पायरीवर तशाच बसलेल्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी कोट दिव्याखाली नेला, अस्तर उलटं केलं, चष्मा कपाळावर सरकवून शिवणीवरून अंगठा फिरवला.

"एक टाका उसवलेला नाही," ते म्हणाले. "बटण काजातून नीट काढलंय. एका हाताने, ते पण गर्दीत. कसबी हात आहे."

"कौतुक करताय?"

"नाही गं." त्यांचा आवाज बारीक झाला. "भीती वाटली की मी कापडाविषयीच बोलतो."

ताईंनी ते बटण काजात घातलं, पुन्हा काढलं आणि म्हणाल्या, "त्याला खिसा कळला कसा? तुम्ही म्हणाला होतात, पत्ता दोघांनाच."

यजमानांनी कोट त्यांच्या खांद्यांवर ठेवला. "ओरड," ते म्हणाले. "रोज ओरडतेस तशी."

"आत्ता? शेजारी काय म्हणतील?"

"हळू ओरड."

"बॅगा पुढे घ्या," ताई पुटपुटल्या. "खिसे सांभा—"

त्या थांबल्या. दोघांनीही एकदमच खाली पाहिलं. ताईंचं डावं कोपर बरगडीला घट्ट चिकटलं होतं.

सकाळी यजमानांनी कुलूप बदललं. मशीन काही भंगारात घातलं नाही, पण चोरखिसा उसवून टाकला.

मास्तर त्यानंतर गाडीत दिसला नाही. म्हणून ताईंची भीती गेली असं नाही, उलट ती वाढली. आता कुणी बरोबर सुटे दिले तरी त्या दचकतात. कुणी धन्यवाद म्हटलं की त्या मागे वळून बघतात. साहेबांनी पुन्हा बोलावलं नाही, चोऱ्याही थांबल्यासारख्या आहेत, पण भोंगा म्हणतो तसं, "साप दिसत नाही, तेव्हाच जपून पाय टाकायचा."

परवा वॉचमनदादा लेकीला घेऊन चढला. कानामागे ते एवढंसं यंत्र. भोंग्याने हॉर्न दाबला तशी पोरीने दोन्ही हातांनी कान झाकले आणि तोंड वेडंवाकडं केलं. भोंग्याने आरशात ते पाहिलं, आणि त्या फेरीत त्याचा अंगठा पुन्हा हॉर्नवर गेला नाही.

वळण आलं. "ऐक हं," वॉचमनदादा लेकीच्या कानाशी वाकून म्हणाला, "आता ताई कशा ओरडतात बघ. यांच्यामुळेच तुझं यंत्र घरी आलं."

पोरीने मान वर केली. प्लंबर गप्प होता, आजोबा गप्प होते, सगळी गाडी वाट बघत होती. ताईंनी श्वास भरून घेतला, आणि रिकाम्या झालेल्या त्या जागेकडे आपलं कोपर आपोआप सरकतंय, हे त्यांना जाणवलं. त्यांनी दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरली. आवाज फुटला नाही.

यांच्यामुळे, म्हणे. जो हात कोटाच्या आत, अस्तराच्या आत, बटणाच्या आत जाऊन आला आणि अंगाला कळलंसुद्धा नाही, त्या हाताला शेजारचं एक जॅकेट काय अवघड होतं? मग त्याने ती डबी का सोडली?